जुहूच्या मैदानावरची हाक

रत्नागिरी,
ता. १० फेब्रुवारी १९३६

चि. विमलेस अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला मला शाळेच्या समितीने भाग पाडले आहे. एरवी मी लिहिले नसते आणि तूही वाट पाहत नसशील.

मी मेअखेर निवृत्त होते. समिती मुंबईत बसते हे तुला ठाऊक आहेच. तिने असा ठराव केला आहे की, माझ्या जागी पदवीधर बाई मिळाली नाही तर मुलींच्या शाळेचे वरचे दोन वर्ग बंद करावेत आणि त्या मुलींना मुलांच्या शाळेत बसवावे. ठराव कागदावर समंजस दिसतो. इथले बाप काय करतील ते तुला सांगायला नको. मुलांच्या शाळेचे नाव काढताच मुलगी घरी बसेल आणि मार्गशीर्षात तिचे लग्न लागेल.

तीन पदवीधर बायांना विचारून झाले. एकीचे लग्न ठरले. दुसरीला पुणे सोडवेना. तिसरीने रत्नागिरीला जायला आगगाडी कुठून मिळते असे विचारले, तेव्हा मीच पुढे लिहिले नाही.

वरच्या वर्गांत मुली अकरा आहेत. त्यांत मालन आहे. मिरकरवाड्याच्या बाबल्याची नात. तू गेलीस तेव्हा ती पाटी घेऊन यायची आणि पाटीला मासळीचा वास येतो म्हणून तिच्याजवळ कोणी बसत नसे. आता बीजगणितात तिच्याजवळ बसायला भांडणे होतात. बाबल्या होडीवरून परतला की शाळेच्या दगडी गडग्याशी उभा राहून विचारतो, "बाय, आमच्या पोरीची ती मॅट्रिक की काय ती झाली काय?" मी म्हणते, अजून दोन वर्षे. तो म्हणतो, "दोन तर दोन. मी काय मरत नाय."

तुझी पदवी आहे. तुला मी याच शाळेसाठी शिकवले होते. उमेदवाराने एप्रिलच्या बैठकीला गिरगावात स्वतः हजर राहिले पाहिजे, नाहीतर ठराव अमलात येईल. येतेस किंवा नाही एवढेच कळव.

तुझी आत्या
दमयंती


कराची,
ता. २१ फेब्रुवारी १९३६

ती. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र उशिरा मिळालं. पाकिटावर तुम्ही 'कुमारी विमला हेदवकर' लिहिलं होतं. आमच्या चाळीत त्या नावाचं कोणी नाही, म्हणून पोस्टमन ते परत नेत होता. ह्यांनी जिन्यात अक्षर ओळखलं. तुमचं अक्षर त्यांनी एकदाच पाहिलं आहे, लग्नाला येणार नाही असं तुम्ही कार्ड टाकलं होतं तेव्हा.

चार वर्षांनी पत्र आलं आणि ते शाळेचं आलं, याचं मला नवल वाटलं नाही. शाळेत तुम्ही बाई आणि घरी आत्या, पण घरीसुद्धा बाईच जास्त होतात. बाबा गेल्यावर मला तुम्ही वाढवलंत, शिकवलंत, ते मी विसरलेले नाही. मी येते.

हे इथल्या विमानतळावर बिनतारी यंत्राच्या खोलीत काम करतात, ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. "तू पुढे हो," ते म्हणाले, "मी मुंबईला बदली मागतो. तोवर हाताने भाकऱ्या थापीन. नाटे गावच्या माणसाला मासळी नि भाकरी मिळाली की तो कुठेही जगतो."

माझ्या इथल्या शाळेच्या परीक्षा बैठकीच्या आदल्या दिवशी संपतात. बोटीनं किंवा आगगाडीनं वेळेवर पोचणं अशक्य. पण टपालाचं विमान सकाळी इथून निघून दुपारी मुंबईला जुहूला उतरतं, त्यात एखादं माणूस घेतात. ह्यांनी जागा मागून ठेवली आहे.

एकच विचारते. मी सौ. विमला नाटेकर म्हणून समितीपुढे उभी राहणार. लग्न लपवणार नाही, आणि नाट्याच्या खारव्याशी केलं हेही लपवणार नाही. तुम्हाला ते चालेल का? तुम्ही लग्नाला का आला नाहीत ते तुम्ही कधी लिहिलं नाहीत. शाळा सोडली म्हणून, की माणूस मासेमाराच्या घरचा म्हणून? मला उत्तर हवं आहे.

तुमची
विमला


रत्नागिरी,
ता. ७ मार्च १९३६

चि. विमलेस आशीर्वाद.

येतेस हे वाचून काम हलके झाले. अर्ज मी इथून भरून पाठवला आहे.

आता विमानाचे. ते जिथे उतरते ते ठिकाण मुंबईपासून किती लांब आहे? मी नकाशा पाहिला. जुहू नावाचे गाव समुद्रकाठी आहे, शहर कुठच्या कुठे. मध्ये खाडी दिसते. तिथून गिरगावात कोण आणून सोडते? त्या मैदानावर बायकांना बसायला जागा आहे की नाही? आपल्या बंदरात बोट दूर उभी राहते आणि पडावातून यावे लागते, तरी आपले माणूस खाली होडीत असते. ते घराची हाक मारते, आपण वरून ओ देतो आणि मगच शिडी उतरतो. आपल्या घरचे कोणीही ओ दिल्याशिवाय बोटीवरून उतरलेले नाही. आकाशातून आलीस म्हणून तू एकटीने उतरावेस असे मला वाटत नाही.

माझ्या इथे तेव्हाच सरकारी तपासणी आहे, मी येऊ शकत नाही. बाबल्याला पाठवते. त्याचा मुलगा धोंडू मुंबईला गोदीत आहे, त्याच्याकडे तो उतरेल. बाबल्याला सांगितले तेव्हा तो डोक्याचा रुमाल काढून बसलाच.

"इमान? म्हंजे वरून येनार ती?"

"वरून."

"आनि खाली पानी नाय?"

"नाही. मैदान आहे."

"मग मी होडी कशात घालू?"

"होडी नको. तू नुसता जा."

"नुसता कसा जाऊ बाय? लोकं म्हनतील म्हातारा हरवला." मग रुमाल पुन्हा बांधत म्हणाला, "पन साद घालीन ना? साद घातली की झालं. ती माझी साद वळखते."

तुला लहानपणी त्यानेच खांद्यावरून चिखलातून किनाऱ्याला आणले आहे. त्याला वाटेने पान खाऊ देऊ नकोस, खोकतो.

दमयंती


कराची,
ता. १९ मार्च १९३६

ती. आत्यास नमस्कार.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते. जुहूचं मैदान माडांच्या कडेला आहे. बसायला एक पत्र्याची शेड आहे म्हणतात. टपालाच्या थैल्या घेऊन कंपनीची मोटार तिथून थेट शहरात जाते आणि उतारूला वाटेत हवं तिथे सोडते. त्यामुळे हरवायची भीती नाही. बाबल्याला एवढ्या लांब पाठवायची खरं तर गरज नव्हती, पण त्याला पाहायला मला आवडेल. त्याला म्हणावं, होडी आणली नाही तरी चालेल, वल्हं तेवढं आण.

हे मला आता रोज विमानात कसं बसायचं ते शिकवतात. कानात कापूस घालायचा, पोटात काही ठेवायचं नाही आणि वैमानिकाशी बोलायचं नाही. मी म्हटलं, तुमच्याशी संसार केला, मला बोलल्यावाचून राहायची सवय आहे.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पत्रात नव्हतं. मी दोनदा वाचलं. अर्जावर तुम्ही कोणतं नाव घातलंत तेही नव्हतं. आत्या, मी पुन्हा विचारते. तुम्ही एक ओळ लिहा, मग मला मैदानावर कोणीही न्यायला आलं नाही तरी चालेल.

तुमची
विमला


रत्नागिरी,
ता. ३० मार्च १९३६
(कार्ड)

चि. विमलेस आशीर्वाद.

पत्र मिळाले. बाबल्या परवाच्या बोटीने मुंबईला जातो. तो मैदानावर हजर राहील. पांढरे नेसून ये, समितीत रंगीत लुगड्याची चर्चा व्हायला नको. पदवीचा कागद हाताशी ठेव.

बाकीचे भेटीत.

दमयंती


रत्नागिरी,
ता. २० एप्रिल १९३६

विमलेस,

समितीचे पत्र आज आले. 'उमेदवार गैरहजर. ठराव कायम.' एवढेच आहे. त्यावर अध्यक्षांची सही आहे.

तू येणार नव्हतीस तर तसे लिहायचे होते. मी दुसरी कोणी शोधली असती. आगगाडी विचारणारीलासुद्धा मी आणले असते.

बाबल्या तीन दिवसांपूर्वी परत आला. धक्क्यावरून तसाच शाळेत आला, घरी गेला नाही. विमान आले, एक साहेब उतरला, थैल्या उतरल्या, चामड्याची टोपी नि लांब कोट घातलेले आणखी एक माणूस उतरले, आणि झाले. तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहून तो हाका मारत राहिला. मोटार निघून गेली तरी मारत होता. मैदानावरच्या शिपायाने त्याला हाकलले तेव्हा तो म्हणाला, बोटीवरनं माणूस उतरलं नाय तोवर मी कसा जाऊ.

मी विचारले, "नीट पाहिलेस ना? बाई नव्हती?"

"बाय, लुगडं नेसलेलं कोनच नव्हतं."

"मोठ्याने हाक मारलीस?"

"माझा घसा बगा." आवाज खरेच बसला होता. मग म्हणाला, "मालनला अजून सांगू नका. मीच सांगतो." तीन दिवस झाले, त्याने सांगितलेले नाही. मालन रोज बीजगणिताची वही घेऊन माझ्यापुढे उभी राहते.

तुझे काय कारण झाले ते मला कळवायची तसदी घेऊ नकोस.

दमयंती


कराची,
ता. २ मे १९३६

आत्या,

तसदी घेते, कारण मी आले होते.

चामड्याची टोपी घातलेलं ते माणूस मी. वर फार गार लागतं म्हणून ह्यांचा कोट आणि वैमानिकाची जादा टोपी. लुगडं आत होतं, पांढरं, तुम्ही सांगितलं तसंच. अहमदाबादला विमान उतरलं तेव्हा मी थैल्यांत बसून बसून कुबडी झाले होते. पुन्हा वर चढल्यावर खाली समुद्र दिसला तेव्हा मात्र मला फार बरं वाटलं. मनात भाषण तयार करत होते. समितीपुढचं नाही. तुमच्यापुढचं.

जुहूला उतरले. कानातला कापूस काढत होते, तेवढ्यात हाक आली. "हेदवकरांचं माऽऽणूस." तीच चढती हाक. मी लहानपणी बोटीच्या कठड्यावरून ओरडत असे तसा माझा ओ अगदी ओठांशी आला होता.

आणि मग मला कळलं की हेच तुमचं उत्तर. मी दोनदा विचारलं, तुम्ही दोनदा टाळलं, आणि मैदानावर बाबल्याच्या तोंडून सांगितलंत की इथे उतरायचं तर हेदवकर म्हणून उतर. माझ्याशेजारी कंपनीचे साहेब उभे होते. त्यांनी वाटभर मला मिसेस नाटेकर म्हटलं होतं. आणि बाबल्या, जो स्वतः मिरकरवाड्याचा, ह्यांच्याच जातीचा, त्याला तुम्ही माझ्या नवऱ्याचं नाव गिळायला लावलंत, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. मी टोपी काढली नाही. मान खाली घातली आणि त्याच्यासमोरून मोटारीत जाऊन बसले. तो कुंपणाला धरून उभा होता. त्याच्या हातात खरंच वल्हं होतं, आत्या. लहान, तुटकं. माझी थट्टा तुम्ही त्याला वाचून दाखवलीत वाटतं.

तरी मी बैठकीला गेले. शाळा तुमची असली तरी मुली तुमच्या एकटीच्या नाहीत. सांताक्रूझला म्हशी आडव्या आल्या म्हणून मोटार एका बंगल्याच्या तांबड्या फाटकापुढे बराच वेळ अडकली. फाटकात दोन-तीन मोटारी उभ्या होत्या, एक म्हातारे गृहस्थ पाय पसरून ओसरीवर बसले होते. पुढे माहीम, दादर, मग गिरगाव. ड्रायव्हरनं मला समितीच्या दिवाणखान्याच्या दारात सोडलं. दाराला कुलूप होतं. भागोजी म्हणून तिथला राखणदार आहे, तो म्हणाला, "आज इथं मिटिंग नाही." कुठे आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. मी दिवे लागेपर्यंत पायरीवर बसले. मला वाटलं की तुम्ही अर्जच पाठवला नसेल, किंवा समितीला माझं लग्न कळल्यावर त्यांनी दार लावून घेतलं असेल.

म्हणून मी लिहिलं नाही. आता लिहिलं.

विमला


रत्नागिरी,
ता. ११ मे १९३६

चि. विमलेस,

तुझे पत्र तीन वेळा वाचले. माझे लिहिणे क्रमाने वाच.

बैठकीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अध्यक्षांची तार आली. पायाच्या दुखण्यामुळे त्यांना घराबाहेर पडता येत नाही, म्हणून बैठक त्यांच्या बंगल्यावर. बंगला सांताक्रूझला. फाटक तांबडे आहे. तू ज्या म्हाताऱ्याला पाहिलेस ते अध्यक्ष. ते तुझीच वाट पाहत ओसरीवर बसले होते.

हे तुला कळवायचे दोन मार्ग होते. तुझ्या बिऱ्हाडावर तार केली असती तर तू पहाटे निघण्याआधी ती मिळाली असती याची खात्री नव्हती. दुसरा मार्ग खात्रीचा होता. तुझा नवरा तारेच्या यंत्रापाशीच बसतो आणि तुला विमानात बसवून देणार होता. त्याच्या नावाने विमानतळावर तार केली असती तर ती तुझ्या हातात पडली असती. मी पोस्टात गेले. फॉर्मवर 'नाटेकर' एवढे लिहिले आणि फॉर्म फाडला. त्याला कधी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या, आणि पहिली ओळ उपकार मागणारी लिहायची हे मला जमले नाही. दुसरा फॉर्म धोंडूच्या नावाने भरला. बाबल्याला निरोप मिळाला. तुला सांताक्रूझला उतरवायचे, हे त्या सगळ्या मैदानावर एकट्या बाबल्याला ठाऊक होते.

अर्जाचे. अर्जावर मी 'सौ. विमला आनंदराव नाटेकर, विवाहित' असेच लिहिले होते. समितीने कुरकुर केली, मी दोन पत्रे लिहिली आणि त्यांनी मान्य केले. कामाच्या कागदावर मी खोटे लिहीत नाही. तुला मात्र ही गोष्ट कळवली नाही. तुला लिहिले असते तर तू जिंकलीस असे झाले असते. 'बाकीचे भेटीत' असे मी लिहिले ते यासाठी की समोर बसून मीच सांगावे, म्हणजे मोठेपणा माझ्याकडे राहील.

हाकेचे. बाबल्याला कोणाची हाक द्यायची हे मी सांगितले नव्हते, त्यानेही विचारले नाही. विचारण्यासारखे काही नव्हतेच. हाक उतारूची नसते. जे घर न्यायला आले आहे त्याची असते. माझी आई चाळीस वर्षे हेदवीच्या घरात नांदली, पण माहेरच्या बंदरात ती उतरायची तेव्हा तिला माहेरचीच हाक असे, आणि ती परत आली की आमच्या होडीतून आमची. नाट्याला उतरली असतीस तर तुला नाटेकरांची हाक आली असती. तुला हे ठाऊक नसणार हे माझ्या ध्यानात आले नाही. तू लहानपणी उतरलीस तेव्हा तुझे घर आणि न्यायला येणारे घर एकच होते.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचे. माझ्या मनात जात नव्हती, शाळाच होती, असे मी इथे लिहिले होते. ते खोडले आहे. खोडलेले तुला दिसेल.

बाबल्याला सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग विचारले, "म्हंजे साद तिला ऐकू गेली?"

"गेली."

"मग बरं. मला वाटलं माझा आवाज गेला."

वल्ह्याची गोष्ट मी त्याला वाचून दाखवली होती. ती थट्टा आहे हे सांगायचे राहिले.

समितीला मी सर्व हकिगत लिहिली. उत्तर आले की ठराव छापून झाला आहे.

दमयंती


कराची,
ता. १९ मे १९३६

ती. आत्यास नमस्कार.

तुमचं खोडलेलं वाक्य मी उजेडासमोर धरून वाचलं. ह्यांनी कागद माझ्या हातून घेतला, घडी घातली आणि म्हणाले, "खोडलंय ते वाचायचं नसतं."

त्या हाकेचं मला खरंच माहीत नव्हतं. मी सासरहून माहेरी कधी आलेच नाही, तर कोणाची हाक येते ते कसं कळणार? मी ओ दिला असता तर बाकीचं सगळं झालं असतं. तुम्ही तुमची तार मोजता, मी माझा ओ मोजते. दोन्हींचा आता त्या अकरा मुलींना काही उपयोग नाही.

एकीचा होईल. मालनला माझ्याकडे पाठवा. इथे माझ्या शाळेत तिला वरचा वर्ग मिळेल, मी बोलले आहे. ती आमच्या घरी राहील. ह्यांना विचारायची वेळच आली नाही. मी बोलत होते तेवढ्यात त्यांनी भिंतीजवळची आपली खाट सरकवून जागा केली आणि म्हणाले, नाट्यापेक्षा मिरकरवाड्याचं माणूस जास्त बोलतं, घर भरल्यासारखं होईल.

पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्याआधी पाठवा. बाबल्या सोबत आला तर फार बरं. मला त्याच्यापुढे उभं राहायचं आहे, टोपी न घालता.

विमला


रत्नागिरी,
ता. २९ मे १९३६

चि. विमलेस व चि. आनंदरावांस अनेक आशीर्वाद.

मालन उद्याच्या बोटीने निघते, सोबत बाबल्या. मुंबईला धोंडू त्यांना कराचीच्या बोटीवर चढवून देईल.

तिची आई ठमाबाई आधी तयार नव्हती. बाजारात टोपलीमागे बसूनच माझ्याशी भांडली. "शिकून काय करील बाय? मासळीचा भाव इंग्रजीत सांगेल?" मी म्हटले, तूच सांग, तुला मराठीत सांगून तरी लोक कुठे देतात. शेजारच्या बायका हसल्या, तीही हसली आणि मग पदराने डोळे पुसत मासळीला पाणी मारू लागली. संध्याकाळी पोरीची पेटी भरून तिने स्वतःच आणून दिली. इतर मुलींच्या घरीही मी गेले. कुणी पाटावर बसवले, कुणी चहा दिला. मुलांच्या शाळेसाठी मुलगी फारशी कोणी दिली नाही. एक बाप म्हणाला, "बाई, तुमची शाळा होती तोवर आमची हिंमत होती." येसूबाई म्हणून वरच्या वर्गात होती, ती चांगला निबंध लिहायची. ती दाराआडून ऐकत होती. माझी छत्री तिनेच आणून हातात दिली.

बोट कराचीच्या केमारी बंदराला लागेल तेव्हा तू स्वतः जा. कंपनीची मोटार, टांगा, काय ते नंतर. आधी धक्क्यावर उभी राहा. तिथून तुमच्या घरापर्यंत बरेच अंतर आहे असे ऐकते. मालनला शहराची सवय नाही, तिला वाटेत समुद्राकडच्या बाजूला बसव. बाबल्याला मी सांगितले आहे की या वेळी हाक त्याने द्यायची नाही, ऐकायची. तो म्हणाला, "मग मी तोंडात सुपारी धरतो."

आज चार्ज दिला, त्याची नोंद.

मुलांच्या शाळेच्या हेडमास्तरांकडे: भिंतीवरचे नकाशे, बाके, खुर्च्या, काळे फळे, पुस्तकांचे कपाट किल्लीसह. घंटा त्यांच्याकडे मोठी आहे म्हणून त्यांनी घेतली नाही. वरच्या वर्गांतील मुली अकरा. त्यांपैकी त्यांच्या वर्गात पोहोचल्या, दोन.

सौ. विमला आनंदराव नाटेकर, कराची, यांच्या हवाली, बाबल्याच्या हस्ते: शाळेची घंटा, लोलकासह. माझे बीजगणिताचे पुस्तक. आंब्यांची एक करंडी, कच्चे, गवतात घालून, आनंदरावांसाठी. लहान वल्हे एक, बाबल्या देईल. मालन. ती नाटेकरांची हाक ऐकल्यावर उतरेल.

दमयंती